शेवटच्या पानावरचा राजीनामा

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर विचारलं, "लेखाखाली तुमचा व्यवसाय काय टाकू?" मी म्हटलं, "प्रेमकथा लिहिणे, असं टाका." मी नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहणारी, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्याला तेल चोळत बसणारी बाई आहे, हे त्यांना ठाऊक होतं. "मग साहित्यिक टाकू का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको, साहित्यिक लोकांना राग यायचा.

पण खरंच तो माझा धंदा. आमच्या मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचं, एक मासिक निघतं. त्यात मी कितीतरी वर्षं क्रमशः कथा लिहीत आले. शिक्षण म्हणाल तर मिशनच्या बोर्डिंगात सातवीपर्यंत. लिहायला कोणी शिकवलं नाही. आमच्यात उपासनेच्या वेळी उभं राहून साक्ष देतात, म्हणजे देवानं आपल्याला कसं सांभाळलं ते सांगतात. लोक दोन मिनिटांत सांगून बसतात. मी सांगायला लागले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. तेव्हाचे पाळकसाहेब एकदा म्हणाले, "एस्तेरबाई, एवढं रंगवून सांगता, तर लिहूनच द्या. मासिकाची चार पानं रिकामी राहतात." तिथून सुरू झालं.

लिहायचं काय, हा प्रश्न एका खोक्यानं सोडवला. मिशनच्या बंगल्यातली शेवटची मडम कायमची आपल्या देशी गेली, तेव्हा तिची पुस्तकं कुणालाच नको होती, म्हणून ती माझ्या घरी आली. सगळी इंग्रजी. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन बसले. दोन-तीन वाचल्यावर कळलं की सगळ्यांत गोष्ट एकच. अमेरिकेतलं छोटंसं गाव. तिथं एक रँचर, म्हणजे गुराढोरांचा मोठा मालक. शेकडो गाई, नजर पोचेल तिथवर कुंपण, डोक्यावर टोपी, बसायला घोडा. बोलतो कमी, प्रार्थना मनातल्या मनात करतो. शहरातून एक मुलगी येते. तिला आधी त्याचा राग येतो. मग एखादं वासरू आजारी पडतं, दोघं रात्र जागतात आणि राग जातो. शेवटच्या पानावर चर्चची घंटा.

मला वाटलं, हे गाव तर नागपूरजवळच्या काटोलकडचंच. एक चर्च, एक किराणा दुकान, आणि कोण कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत. फक्त त्या घोड्याचं काय करायचं ते सुचत नव्हतं, म्हणून ती रँचरची गोष्ट मी बरीच वर्षं मागं ठेवली आणि आधी मास्तर, कंपाउंडर, रेल्वेतले क्लार्क यांची लग्नं लावून टाकली.

बाहेरच्या लोकांना वाटतं, प्रेमकथा म्हणजे मनाला येईल ते लिहायचं. आमच्या मासिकात तसं नसतं. नायक देवभीरू पाहिजे, पण पहिल्या बाकावर बसणारा नको, पहिल्या बाकावरच्या माणसावर बायकांचा विश्वास बसत नाही. प्रेम कामातून झालं पाहिजे. नाताळची सजावट, गायनाची तालीम, आजारी माणसाची सेवा, काहीही चालेल, नुसतं बघून नको. हाताला हात लागायचा तर गीतांचं पुस्तक देताना लागावा. वाईट माणूस पाळक नसावा आणि गायनमास्तर तर मुळीच नसावा, कारण प्रत्येक मंडळीत एक गायनमास्तर असतो आणि त्याला वाटतं आपल्यालाच धरलं. डिसेंबरच्या अंकात कुणी मरायचं नाही. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही. एकेका चुकीनंतर माझं मीच शिकले.

नावांचं तसंच. मंडळीत जे नाव आहे ते कथेत घालायचं नाही. एकदा एका दारुड्याचं नाव मी नथनेल ठेवलं, इकडे कुणाचं नाही म्हणून. अंक निघाल्यावर कामठीहून एक नवरा-बायको दारात. नवरा म्हणाला, "माहं नाव नथनेल. तुमाले माह्याबद्दल कोनं सांगितलं?" मी म्हटलं, भाऊ, मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघते. बायको त्याच्या मागून म्हणाली, "बाई, कोनंही सांगितलं असू द्या. पुढच्या भागात तो दारू सोडते का, तेवढं सांगा." मी सोडवणारच होते, पण त्या दिवसापासून जरा लवकर सोडवली.

शेवटी घोड्याचा विचार सोडून मी रँचरची गोष्ट हातात घेतली. गाईंच्या जागी म्हशी घातल्या, घोड्याच्या जागी मोटारसायकल. नायकाचा काटोलजवळ गोठा, नायिका नागपूरची शाळामास्तरीण. लोकांनी तिला म्हशीवाली कथा असंच नाव पाडलं. हल्ली मासिक छापून येण्याआधी फोनवरच्या ग्रुपात फिरतं, त्यामुळे पत्राची वाट बघावी लागत नाही, दुपारपर्यंत शिव्याशाप पोचतात.

दुसरा भाग आल्यावर एक उंच, मिशीवाला, चाळिशीतला माणूस संत्र्यांची पिशवी घेऊन घरी आला. सायमन नाव. काटोलच्या पुढं त्याचा खरोखरचा गोठा. चहा बशीत ओतून घेतला. मग म्हणाला, "बाई, तुमी कधी म्हैस पायली हाये काय?"

"रस्त्यावर पाहिली."

"तरीच. तुमची मास्तरीण पह्यल्याच दिवशी म्हशीखाली बसली अन् बादली भरून उठली. असं होत नसते बाई. नवा हात लागला का म्हैस दूध चढवून घेते. तुमी कितीबी वढा, थेंब नाई देत."

"काहून?"

"तिले तिचं मानूस लागते. आमच्या घरच्या जुन्या चार म्हशी फक्त मायच्या हातानं देते. माय दवाखान्यात होती तवा म्या काय केलं, सांगू? मायचं लुगडं नेसलो, मायवानी पदर घेतला अन् बसलो. म्हशीनं वास घेतला अन् पान्हा सोडला."

मी त्याच्या मिशीकडे बघितलं. त्याला कळलं मी काय बघतेय. म्हणाला, "मिशी झाकली होती."

त्या दिवसापासून सायमन माझा सल्लागार झाला. पुढच्या भागात मी मास्तरणीला रिकाम्या बादलीनं परत पाठवलं. वाचक खूश झाले, आणि मी एका रविवारी उपासनेनंतर बसनं काटोलला जाऊन गोठा बघून आले. तिथं त्याची आई भेटली, रुथआई. लहानखुरी बाई, बोटं संधिवातानं वाकडी झालेली, तरी पहाटे उठून त्या चार म्हशी तीच पिळायची. बाकीच्या म्हशींचं सायमन आणि देवराव नावाचा जुना गडी बघायचे, पण दूध घेऊन सायमनला गावात जावं लागायचं, आणि देवरावला त्या चौघी जवळ येऊ द्यायच्या नाहीत. रुथआईनं माझे सगळे अंक जपून ठेवले होते. भिंग लावून, मोठ्यानं वाचायची. मला म्हणाली, "एस्तेरबाई, तुमच्या गोष्टीतल्यासारख्या सुना आता भेटत नाई बाप्पा." मी खुलले. काहून म्हणाली, ते मला तेव्हा कळलं नाही.

ते महिनाभरानं कळलं, आणि दुसऱ्याच बाईकडून कळलं. दुपारी दार वाजलं. पांढऱ्या युनिफॉर्ममधली नर्स, खांद्याला डब्याची पिशवी, डोळ्यांत ड्युटीचा शीण. म्हणाली, "मावशी, मी सुनंदा. सायमनची... म्हंजे अजून कोनाचीच नाही."

"ये वं, बस," मी म्हटलं.

बसून तिनं सगळं सांगितलं. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात कायम नोकरी. नवरा वारला, मुलगी नववीत. रुथआई ज्या वॉर्डात होती तिथं हिची ड्युटी होती. सायमन रोज काटोलहून दूध घेऊन यायचा, आईसाठी म्हणून, आणि वॉर्डातल्या निम्म्या पेशंटांना वाटून जायचा. तसं जुळलं. दोघांचीही इच्छा होती, मुलीलाही सायमन पसंत होता. अडलं होतं एका गोष्टीवर. रुथआई म्हणायची, नोकरी सोड आणि गोठ्यात ये. सुनंदा म्हणायची, नोकरी सोडणार नाही. नवरा गेल्यावर ह्याच नोकरीनं तिला उभं ठेवलं होतं. सायमन आईच्या शब्दाबाहेर जात नव्हता, आणि आईनं छिंदवाड्याकडचं दुसरं स्थळ बघायला घेतलं होतं.

"हे सगळं खरं," मी म्हटलं, "पण तू माझ्याकडे काहून आली?"

"कारन तुमीच केलं हे." ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या एकूण एक पोरी शेवटच्या पानावर नोकरी सोडते. टायपिस्ट सोडते, बँकेतली सोडते. एक तं डॉक्टर होती, तिलेही सोडवली तुमी."

"अगं, त्या आनंदानं सोडतात."

"तेच तं. आई मले अंक दाखवते. म्हनते, एस्तेरबाईच्या पोरी हसत हसत सोडते, तुलेच काहून जड जाते? आता ही मास्तरीणही सोडनार. सोडनार ना?"

सोडणार होती. राजीनामा माझ्या मनात लिहून तयार होता.

मला तेव्हा जे खरं वाटलं ते मी सांगितलं. "हे बघ, चार पानांत सगळं मिटवायचं असतं. आजारपण, गैरसमज, दिलजमाई, लग्न. नोकरी ठेवली की विचारावं लागतं, ती राहणार कुठं, बस कोणती, स्वयंपाक कोण करणार, पोराला कोण बघणार. त्याला दोन परिच्छेद लागतात. राजीनामा एका ओळीत होतो."

सुनंदा म्हणाली, "मंग दोन परिच्छेद लिहा ना, मावशी."

"काय लिहू त्यात?"

"म्हशीचं काय करायचं ते. आई उगाच नाही म्हनून राहिली. तिचे हात चालत नाही आता. मी रोज पाहते ना असे हात."

"मग तूच सांग काय करायचं."

"मले म्हशीचं काय कळते? मी सुया टोचते."

ती गेल्यावर मी माझे जुने अंक काढून बसले. इतकी वर्षं मी लग्नं जुळवली, आणि पोरींनी घाम गाळून मिळवलेल्या नोकऱ्या कागद पुरत नाही म्हणून काढून घेतल्या. मी स्वतः शिवणकाम करून घर चालवलं, मशीन एक दिवस बंद ठेवली नाही, आणि माझ्या कथेतल्या पोरींना मात्र घरी बसवलं. कुणी विचारलं नाही म्हणून मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सायमनला फोन केला. "म्हैस तिसऱ्या माणसाचा हात घेईल का? देवरावचा?"

"मायचं लुगडं आंगावर असलं तं घेईन. हळूहळू लुगडं काढून टाकता येते, मंग नुसत्या देवरावलेबी देते. पन माय लुगडं देनार नाई बाई. म्या नेसलो ते वेगळं, म्या पोरगा. घरचं लुगडं गड्याच्या आंगावर? मले बोलूच देत नाई ते."

मला दोन परिच्छेद मिळाले. शेवटच्या भागात मी मास्तरणीची शाळा चालू ठेवली. शनिवारची बस, सोमवारची बस, सगळं लिहिलं. आणि म्हातारी सासू आपल्या हातानं लुगडं आणून गड्याला नेसवते, असं लिहिलं.

आमच्याकडे छापण्याआधी पाळकसाहेब अक्षर न अक्षर वाचतात. आत्ताचे पाळकसाहेब तरुण आहेत, मनानं चांगले. त्यांचं बोलावणं आलं तेव्हा मी नोकरीवर भांडायची तयारी करून गेले. ते म्हणाले, "नोकरीचं छान केलं तुम्ही. हल्ली सगळ्याच करतात. पण हे लुगडं नाही चालायचं."

"काहून?"

"पुरुषानं बाईचा पेहराव करायचा नाही, बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात स्पष्ट मना आहे. उद्या कोणी वचन काढून दाखवलं तर मी काय सांगू?"

मी म्हटलं, "साहेब, तो नटायला नेसत नाहीये, म्हशीसाठी नेसतोय. मोशेच्या नियमशास्त्रात म्हशीचा कुठं विचार केलाय?"

ते हसले, पण पेन खाली ठेवलं नाही. "नेसवलं" काढून त्यांनी "खांद्यावर टाकलं" केलं. म्हणाले, "खांद्यावर तर उपरणंही असतं." मी घासाघीस केली, पण अंक छापायला जायचा होता. तसंच गेलं. पन्नास-साठ वर्षांची घरची रीत मोडायला निघालेली माझ्या गोष्टीतली सासू गड्याच्या खांद्यावर लुगडं टाकून मोकळी झाली. मला वाटलं, सुनंदाचं काम गेलं. अर्धवट गोष्टीनं कुणाचं मन वळतं?

अंक निघाला त्या आठवड्यात सायमनचा फोन. "बाई, माय लय चिडली हाये. तुमी याच. सुनंदालेबी बोलावलं."

रविवारी आम्ही दोघी काटोलच्या बसमध्ये बसलो. सुनंदा वाटभर खिडकीबाहेर बघत होती. एकदाच म्हणाली, "नाही म्हनाली तं मी उतरून परत येईन मावशी, तुमी चहा घेऊन या."

रुथआई गोठ्यापुढं खाटेवर बसली होती, हातात अंक. नमस्कार-सलाम काही नाही. "एस्तेरबाई, हे काय लिहिलं? लुगडं खांद्यावर टाकून म्हैस दूध देत नसते. इतकं वाचलं तुमचं, अन् असं खोटं?"

मी पाळकसाहेबांचं सांगणार होते, पण तिनं ऐकूनच घेतलं नाही. "लोक करून पायतीन अन् म्हशीच्या लाता खातीन. मंग म्हनतीन काटोलवाल्याईले काही समजत नाई. देवराव, इकडे ये गा."

देवराव आला. पन्नाशीचा, दाढीचे खुंट वाढलेला. रुथआई आत गेली, आपलं धुवट हिरवं लुगडं घेऊन आली आणि त्या बिचाऱ्याला गुंडाळायला लागली. बोटं वाकडी, निऱ्या धरता येईनात. सुनंदा पुढं झाली आणि निऱ्या धरल्या. दोघींनी मिळून देवरावला नेसवलं, पदर डोक्यावरून घेतला. देवराव सायमनकडे बघत म्हणाला, "मालक, गावात सांगू नका." सायमन म्हणाला, "म्याबी नेसलो होतो गा." रुथआईनं दोघांनाही गप्प केलं.

पहिल्या म्हशीनं मान वळवून बघितलं, फुसकारली आणि पाय आपटला. देवराव मागं सरकला. रुथआई म्हशीच्या तोंडापाशी गेली, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि रोज पिळताना गुणगुणायची तेच गीत गुणगुणायला लागली. आम्ही सगळे उभे. बराच वेळ काही नाही. मग बादलीत धार वाजली.

"असं," रुथआई माझ्याकडे बघून म्हणाली. "आता लिहा."

मग ती खाटेवर येऊन बसली, हात पदरात घेऊन चोळत. बादली भरत होती आणि ती तिकडे बघत होती. सुनंदा शेजारी उभी. रुथआईनं विचारलं, "तुही ड्युटी शनवारी कितीक वाजता सुटते?"

"दोन वाजता, आई."

"मंग चारच्या गाडीनं अंधार पडाच्या आत येशीन."

पुढच्या तीन रविवारी चर्चमध्ये त्यांच्या लग्नाची पुकार झाली. आमच्यात लग्नाआधी तीनदा सगळ्यांसमोर नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर तिथंच उठून सांगायची. पाळकसाहेबांनी वाचलं, विचारलं, मंडळी गप्प. छिंदवाड्याच्या स्थळाला रुथआईनं स्वतः नकार कळवला.

आता सुनंदा आणि मुलगी शाळेचे दिवस नागपुरात असतात, शनिवारी काटोलला जातात. रुथआई कुरकुरत नाही असं नाही. सून आली की आधी तिच्याकडून हात शेकून घेते, मग तिचे दोष सांगते. देवरावला आता लुगडं लागत नाही, चारही म्हशी त्याला ओळखतात. मी अलीकडे गेले होते. सोमवारी पहाटे सुनंदाला सोडायला रुथआई फाट्यापर्यंत चालत आली, डब्याची पिशवी स्वतः धरून. बस गेल्यावर परत येताना मी विचारलं, "काय हो आई, नोकरीवाली सून जमून राहिली का?"

ती पुढं बघत चालत राहिली. म्हणाली, "म्हशीले जमलं, मले काहून नाई जमनार?"